मंत्रिमहोदय, आधी तळवा पाहा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : मधुमेहींच्या पायाच्या जखमा, व्हिटॅमिन डीची पुडी आणि एक चप्पल

महोदय,


परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागले की बोरीच्या अलीकडे झरी येते. काळी माती, कापूस, सोयाबीन, तूर, रब्बीत ज्वारी. वेगळे सांगण्यासारखे फार नाही. हे पत्र या गावातून लिहितो आहे. यात रस्ता मागितलेला नाही, पूल मागितलेला नाही, इमारतही नाही. मागणे एका चपलेचे आहे. मात्र चपलेपर्यंत पोहोचायला आधी एका धसकटावरून जावे लागेल.

तूर कापून नेली की रानात वीतभर उंचीची खोडे मागे राहतात. ती धसकटे. विळ्याचा घाव तिरपा बसतो, म्हणून प्रत्येक धसकटाला टोक येते आणि वाळल्यावर ते खिळ्यासारखे होते. काही वर्षांपूर्वी माझे चुलते, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, दिवेलागणीला रानातून आले, ओट्यावर टेकले आणि चहा मागितला. चहा घेऊन आलेली नात दारातच थबकली. अंगणापासून ओट्यापर्यंत लाल ठसे उमटले होते, एका पावलाआड एक, फक्त उजव्या पायाचे. धसकट चपलेच्या रबरातून आरपार जाऊन तळव्यात रुतले होते आणि आबा तसेच अर्धा कोस चालत आले होते.

"आबा, दुखलं नाही का हो?"

"नाई बा. काहीच कळलं नाई."

हे ते जरा ऐटीत म्हणाले. शेतकऱ्याचा तळवा, त्याला काय होतंय! आम्हालाही ती ऐट खरी वाटली. जिथे दुखायला हवे तिथे दुखत नसेल तर तो माणूस घरातला सगळ्यात आजारी माणूस असतो, हे कळायला आम्हाला पुढचे सात महिने लागले.

आबांना शुगर होती, दहा-बारा वर्षांपासून. गोळी चालू होती, म्हणजे आठवण झाली की घेत. पायाला मुंग्या येतात, रात्री तळवे जळतात, हे सांगून झाले होते. मग मुंग्या थांबल्या, जळजळ थांबली आणि ते म्हणू लागले, "कापसावर चालल्यावानी वाटतंय." जन्मभर कापूस वेचलेल्या माणसाने असे म्हटल्यावर घर हसले होते. डॉक्टर त्याला न्यूरोपॅथी म्हणतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की नसा टोकाकडून खराब होत येतात. सगळ्यात लांबची नस पायाच्या बोटांकडे जाणारी. म्हणून आधी बोटे, मग तळवा, मग घोटा. मोजा चढवावा तसा बधिरपणा खालून वर चढतो. मुंग्या थांबल्या म्हणून माणसाला बरे वाटते, तेव्हा निरोप आणणारी तारच तुटलेली असते.

एकदा ही तार तुटली की रोजचे जगणे घातकी होते. चपलेत अडकलेला खडा दिवसभर टोचत राहतो आणि कळत नाही. परभणीची थंडी दर वर्षी पेपरात पहिल्या पानावर येते. त्या थंडीत शेकोटीजवळ पसरलेला पाय भाजतो, तेही कळत नाही. पाय आखडला म्हणून सुनेने आणलेल्या मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवला, तर कातडी सोलून निघेपर्यंत पाणी कोमटच वाटते. बधिर पायाला घाम येईनासा होतो, टाचा फुटतात, भेगांत माती भरते. कुरूप ब्लेडने कापायची सवय गावात जुनी आहे आणि बधिर पायाचे कुरूप कापताना ब्लेड किती आत गेले हे हाताला समजत नाही. त्यात पायाकडचा रक्तपुरवठा आखडलेला असेल तर पोटात गेलेले औषधही जखमेपर्यंत नीट पोहोचत नाही.

आबांच्या जखमेवर आधी हळद-तेल झाले. मग कुणीतरी तंबाखूची चिमूट दाबली. पंधरा दिवस अंगावर काढले. वास येऊ लागला तेव्हा शहरातल्या एका दवाखान्यात नेले. अँटिबायोटिक मिळाले, पट्टी झाली आणि तपासण्यांच्या कागदावर एक नवे नाव दिसले : व्हिटॅमिन डी. अहवाल आला, अकरा. रक्ताच्या एका मिलिलिटरला वीस नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. खरे सांगतो, घरात हायसे वाटले. कारण सापडले होते! साठ हजार युनिटच्या पुड्या सुरू झाल्या, आठवड्याला एक, दुधातून. लवकर गुण यावा म्हणून आबांनी पहिल्याच आठवड्यात तीन घेतल्या. आणि रोज पहाटे पाचला तोच पाय टेकवत ते गोठ्यात धार काढायला जात राहिले. पाय टेकवायचा नाही, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. सांगितले असेल तर त्या गर्दीत ऐकू आले नव्हते. तिसऱ्या महिन्यात करंगळी काळी पडली. ती काढावी लागली.

महोदय, पुडीला दोष द्यायला हे पत्र लिहीत नाही. पुडीत तथ्य आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. व्हिटॅमिन डी फक्त हाडांचे, हा जुना समज. कातडीच्या पेशींना आणि जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींना या जीवनसत्त्वाचा संदेश घेणारी जागा असते. कातडी फाटली की त्या पेशी कॅथेलिसिडिन नावाचे प्रथिन तयार करतात. ते जंतू मारते आणि नवी कातडी सरकत यायला मदत करते. हे प्रथिन पुरेसे तयार व्हायला व्हिटॅमिन डी लागते. म्हणजे जखमेच्या काठावर ते काम करते, यात शंका नाही.

पुढचा प्रश्न, ते बाहेरून दिल्याने जखम लवकर भरते का? २०१३ साली बनारस हिंदू विद्यापीठाच्या डॉक्टरांनी मधुमेहींची तुलना करून दाखवले, की ज्यांच्या पायाला जंतुसंसर्ग झाला आहे त्यांच्यात ही कमतरता जास्त आणि अधिक तीव्र आहे. २०१७ मध्ये इराणमधल्या काशान शहरात पायाला व्रण असलेल्या साठ जणांवर प्रयोग झाला; अर्ध्यांना दर दोन आठवड्यांनी पन्नास हजार युनिट, असे बारा आठवडे. त्यांच्या जखमा दुसऱ्या गटापेक्षा जास्त आक्रसल्या. आणि २०२१ मध्ये डेन्मार्कमधून अधिक ठोस निकाल आला. चिवट जखमा असलेले ६४ रुग्ण, दोन गट, ४८ आठवडे. एका गटाला रोज ६,८०० युनिट, दुसऱ्याला रोज ८००. मोठ्या मात्रेच्या गटात ३० पैकी २१ जणांची जखम पूर्ण भरली, लहान मात्रेच्या गटात ३४ पैकी १२ जणांची. सत्तर टक्के आणि पस्तीस टक्के.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आम्ही अभिमानाने म्हणतो. जर्मनीच्या शेजारच्या डेन्मार्कातला हा आकडा वाचून मलाही उडी मारावीशी वाटली. पण आकड्याला हात लावण्याआधी चार गोष्टी पाहाव्या लागतात. चौसष्ट माणसे म्हणजे आमच्या एका गल्लीतली माणसे. डेन्मार्कात हिवाळ्याचे कित्येक महिने सूर्य इतका खाली असतो की कातडीत हे जीवनसत्त्व तयारच होत नाही. तिथला निकाल इथे जसाच्या तसा लागू होईल असे नाही. तिथल्या दोन्ही गटांना जखमेची नेहमीची काळजी मिळतच होती. पुडी त्या काळजीच्या वर होती, तिच्या जागी नव्हती. आणि चिघळलेल्या जखमेने शरीर तापलेले असताना रक्तातली व्हिटॅमिन डीची पातळी आपोआपही उतरते. तेव्हा डी कमी म्हणून जखम भरेना, की जखमेमुळे डी कमी, हे एका रक्ततपासणीने सुटत नाही. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२३ च्या मार्गदर्शनात स्पष्टच म्हटले आहे, की केवळ जखम भरावी म्हणून जीवनसत्त्वे वा पूरक आहार देऊ नये, पुरावा तेवढा नाही. त्याच मार्गदर्शनात पहिल्या रांगेत काय आहे? जखमेवरचा भार काढा, मेलेली कातडी साफ करा, संसर्ग आवरा, रक्तपुरवठा तपासा, साखर आटोक्यात आणा.

माझा निष्कर्ष इतकाच : कमतरता असेल तर भरून काढावी, कारण ते स्वस्त आहे आणि हाडांनाही हवे आहे. पण पाय टेकवत राहिलेल्या माणसाला पुडी देणे म्हणजे बुडाला भोक असलेल्या घागरीत पाणी ओतणे.

आता उन्हाचे. बाहेरच्या माणसाला आश्चर्य वाटते, की परभणीसारख्या ठिकाणी, जिथे मे महिन्यात डांबर पाघळते, तिथे शेतकऱ्याला व्हिटॅमिन डी कमी कसे पडते? आमच्या शेतावर या, म्हणजे कळेल. कापूस वेचणारी बाई साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते. डोक्याला पदर, त्यावर रुमाल. पुरुषाच्या डोक्याला उपरणे, अंगात पूर्ण बाहीचा सदरा. काट्यापासून, औषधफवारणीपासून आणि उन्हापासून जीव वाचवायचा तर असेच जावे लागते. ऊन रानावर पडते, कातडीवर पडत नाही. शिवाय सावळ्या कातडीला तेवढेच जीवनसत्त्व तयार करायला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो.

दुसरा घोळ कोवळ्या उन्हाचा. सकाळच्या सातच्या उन्हात बसले की डी मिळते, असे घरोघर सांगितले जाते. हे जीवनसत्त्व घडवणारे किरण सूर्य वर चढल्यावरच जमिनीपर्यंत पुरेसे पोहोचतात. ओळखायची खूण घड्याळापेक्षा सोपी आहे : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान झाली की ते ऊन कामाचे. परभणीत मे महिन्यात ही वेळ सकाळी सव्वानऊच्या आसपासच येते, म्हणून भर दुपारी उष्माघात ओढवून घ्यायची गरज नाही. डिसेंबरच्या शेवटी मात्र ती साडेबाराच्या आगेमागे थोडाच वेळ असते. दंड, पाठ, पोटऱ्या उघड्या. पाय मात्र बाजेवर. तापलेल्या फरशीवर बधिर पाय टेकवला तर डी मिळवता मिळवता नवी जखम मिळायची.

आणि आता या सगळ्यातला खरा पेच. आबांची करंगळी गेल्यावर आम्ही त्यांना दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी कागद बाजूला ठेवले, खाली बसले, पाय मांडीवर घेतला आणि तळव्याला नाक लावून वास घेतला. घोट्यापाशी आणि पावलावर बोटाने नाडी शोधली. जखमेच्या काठाची पांढरी, मेलेली कातडी कापून काढली. आबांना दुखले नाहीच. मग जाड फेल्टची गादी कापून जखमेभोवती अशी चिकटवली की जखमेच्या जागी खड्डा राहील आणि वजन भोवतालच्या भागावर जाईल. म्हणाले, "आबा, ही जखम औषधानं नाही भरणार, बसून राहिल्यानं भरेल. तुम्ही एका दिवसात जेवढी पावलं टाकता, तेवढ्या वेळा ती फाटते." आम्हाला सहा महिन्यांत पहिल्यांदा उपचार समजला. पुढच्या चार महिन्यांत जखम भरली.

पण ते चार महिने आबा आतल्या खोलीत बाजेवर होते. ऊन नाही, रान नाही. म्हणजे ज्या उपचाराने जखम भरते, तोच माणसाला सावलीत नेऊन बसवतो. त्या काळात पुडीला अर्थ आहे, हे मी मानतो. पायाला व्रण असलेला, घरात बसवलेला मधुमेही हा वेगळा रुग्ण आहे; सरसकट सगळ्या गावाला पुड्या वाटण्यापेक्षा यालाच ती मोजून, मूत्रपिंड पाहून, कॅल्शियम तपासून मिळायला हवी. मधुमेहाने मूत्रपिंड दुबळे झाले असेल तर डी शरीरात शेवटच्या टप्प्यात कामाला लागण्याची क्रियाच मंदावते. आणि जास्त झालेले डी लघवीतून सहज निघून जात नाही. साठत राहते, रक्तातले कॅल्शियम चढवते. आबांनी आठवड्यात तीन पुड्या घेतल्या तशा वर्षभर घेतल्या असत्या तर वेगळेच दुखणे उभे राहिले असते. दुकानातून पुडी देताना 'आठवड्याला एकच' हे मोठ्या अक्षरात लिहून देणे, हासुद्धा उपचारच आहे.

आणि 'बसून राहा' हा सल्ला देणे सोपे असते. आबांची जमीन होती, मुलगा होता, धार काढायला सून होती. शेजारच्या मजुराला हाच सल्ला दिला तर तो विचारतो, "बसून खाऊ काय?" रोजंदारी बुडते ते दुखणे माणूस पायात घेऊन चालतो, हे मंत्रालयातल्या फायलीत कुठे लिहिलेले नसते.

महोदय, देशात आज १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा २०२३ मध्ये आलेला हा आकडा. मधुमेहींपैकी पाचातल्या एकाला तरी आयुष्यात कधी ना कधी पायाला व्रण होतो. भरलेली जखम वर्षभरात पुन्हा उघडण्याचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरात. आणि मधुमेहात पाय कापावा लागतो तेव्हा बहुतेक वेळा सुरुवात एका लहान, दुर्लक्षित जखमेपासून झालेली असते. म्हणजे ही वाट ठाऊक आहे. वाटेवर कुठे उभे राहायचे हे ठरवायचे आहे.

आज आपण वाटेच्या शेवटी उभे आहोत. पाय कापायची वेळ आली की रुग्णालयात दाखल करता येते, महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कार्ड चालते. पाय गेल्यावर कृत्रिम पाय वाटपाची शिबिरे भरतात, मंडप पडतो, बॅनर लागतात, पाहुणे येतात. या कामाबद्दल आदर आहे. पण पाय वाचवणाऱ्या चपलेचे शिबिर कधी पाहिलेत? योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे आणि चप्पल घ्यायला कुणी दाखल होत नाही.

हे अशक्य आहे असे म्हणू नका, कारण आपल्याच खात्याने हे एका आजारात केले आहे. कुष्ठरोगातही नस मरते, तळवा बधिर होतो, जखम होते, बोटे झडतात. पूर्वी समज असा, की कुष्ठरोग्याचे मांसच कुजके, म्हणून जखम भरत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ नंतर काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की मांस चांगलेच असते. वेदना नसल्याने माणूस त्याच जागेवर पुन्हा पुन्हा पाय देतो आणि जखम भरायला उसंत मिळत नाही. भार काढला की तोच पाय बरा होतो. या समजुतीतून प्लास्टरचे साचे आले, मऊ रबराची पादत्राणे आली. पुढे ब्रँड अमेरिकेत गेले आणि तिथल्या मधुमेहींच्या पायांना हीच विद्या लागू पडली. जगभर आज मधुमेही पायावर जो उपचार होतो, त्याचा एक मोठा झरा भारतातल्या कुष्ठरोग्यांच्या तळव्यापाशी निघतो.

त्या मऊ रबराच्या, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला, ज्यांना सगळे एमसीआर चप्पल म्हणतात, राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमात बधिर पायाच्या रुग्णांना मोफत दिल्या जातात. तपोवन आणि आनंदवन उभे करणाऱ्या महाराष्ट्राला त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राला ही चप्पल माहीत आहे, तिची मागणी कशी नोंदवायची हे माहीत आहे. एकाचा पाय जंतूने बधिर झाला, दुसऱ्याचा साखरेने. चपलेला हा फरक कळत नाही. खात्याला कळतो.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

पहिली : ज्याच्या नावापुढे मधुमेहाची नोंद आहे, त्याच्या पायांची वर्षातून एकदा तरी, चपला काढून, तपासणी व्हावी. यंत्र लागत नाही. नायलॉनचा दहा ग्रॅम दाबाचा धागा मिळाला तर उत्तम. नसेल तर बोट पुरते. रुग्णाने डोळे मिटायचे, तपासणाऱ्याने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांना एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करायचा. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत तर पाय धोक्यात. इंग्लंडमधल्या इप्सविच गावाच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. आशाताई तिशीपुढच्या लोकांचा जो फॉर्म भरतात, त्यात तळव्याच्या मुंग्या आणि वारंवार होणाऱ्या व्रणांचा प्रश्न कुष्ठरोगासाठी आहेच. तिथेच सहा स्पर्शांचा एक रकाना वाढवा आणि त्या वाढीव कामाचा मोबदला आशाताईंना द्या.

दुसरी : ज्याचा पाय बधिर निघेल त्याला एमसीआर चप्पल, मागच्या पट्ट्यासह, आरोग्य केंद्रातून. अंगठा-पट्टीची नको, बधिर पायातून ती निसटते आणि निसटली तरी कळत नाही.

तिसरी : जखम घेऊन आलेल्याला पट्टीबरोबर भार काढायची सोयही मिळावी. फेल्ट, फोम, प्लास्टर यांना फार पैसे लागत नाहीत. शिकलेला हात लागतो. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी दोन दशकांपूर्वी भारत, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका आणि टांझानियातल्या तज्ज्ञांबरोबर 'स्टेप बाय स्टेप' हा उपक्रम चालवला. डॉक्टर आणि परिचारिका अशी जोडी एकत्र शिकवायची, सोबत हत्यारांचा संच द्यायचा, ही त्याची रीत. आपल्याच राज्यातल्या माणसाने रुजवलेली ही रीत ग्रामीण रुग्णालयांत आणा. आणि एक नियम भिंतीवर लिहा : पाय काळा पडला, वास आला, ताप आला, तर पट्टी बांधून घरी पाठवायचे नाही, १०८ बोलवायची, त्याच दिवशी.

चौथी : व्हिटॅमिन डी. केंद्राच्या आवश्यक औषधांच्या यादीत ते आहे. पायाला व्रण असलेल्या मधुमेहीला ते सरकारी दवाखान्यात मोफत, मोजून आणि लिहून द्यावे. खासगी लॅबमध्ये या एका तपासणीला मजुराचे काही दिवसांचे रोज जाते. ती जिल्हा रुग्णालयात व्हावी. सरसकट वाटप नको आणि जखमेवरचा रामबाण म्हणून जाहिरात तर मुळीच नको.

पाचवी : आमच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे शोधा. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, ज्याने लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ही ज्वारी २०१८ मध्ये दिली. आणि जस्त जखम भरायला लागतेच. डेन्मार्कने चौसष्ट माणसांवर केलेला प्रयोग परभणीला चारशे माणसांवर करता येणार नाही का? सगळ्यांच्या जखमांचा भार काढायचा, साखर सांभाळायची, अर्ध्यांना डीची योग्य मात्रा द्यायची आणि वर्षभराने मोजायचे. निकाल काहीही लागो, तो मराठवाड्याच्या उन्हातला आणि मराठवाड्याच्या पायांचा असेल. आणि प्रयोगाच्या निमित्ताने चारशे पाय तरी नीट तपासले जातील.

आपल्याकडे पायाला मोठा मान. वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो, वारकऱ्याच्या पायाची धूळ कपाळी लावतो. हे सगळे पाऊल वरून पाहणे झाले. तळवा उलटा करून पाहायची रीत आपल्यात नाही. आबांच्या घरी ती आता पडली आहे. रात्री जेवणे झाली की नात चपला झटकते, मग आरसा धरून दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहते. गेल्या वर्षी तिला टाचेत एक भेग दिसली. ती तिथेच आवरली.

महोदय, कधी परभणीच्या दौऱ्यावर आलात तर वाकडी वाट करून एखाद्या आरोग्य केंद्रात जा. रंगवलेली भिंत आणि नवे फलक पाहू नका. मधुमेहाची नोंदवही मागा. रक्तातल्या साखरेचा रकाना भरलेला असेल, रक्तदाबाचाही असेल. 'पाय पाहिला' असा रकाना त्यात आहे का, एवढेच पाहा. नसेल तर खिशातले पेन काढून, पट्टीने रेघ मारून, तो तिथेच आखून द्या.

कळावे,
आपला,
झरी (ता. जि. परभणी) येथील एक शेतकरी